रिसेल बघू की मेंटेनन्स? गाडी घेणाऱ्यांचे प्रश्न

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, गाडी घ्यायची तर विकताना किती येणार ते बघायचं की सांभाळायला किती लागणार ते. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. ज्यांचे प्रश्न जवळपास सारखे होते त्यांचे एकत्र केलेत.

प्रश्न : नवीन गाडी घ्यायचीय, दोन गाड्यांवर येऊन थांबलोय. साइज, इंजिन, फीचर्स सगळं उन्नीस-बीस. एकीची रिसेल जबरदस्त आहे असं जो तो सांगतो, पण ती महाग आहे आणि शोरूमवाले एक पैसा सोडायला तयार नाहीत. दुसरी बरीच कमी किमतीत मिळतेय, चालवायलाही मला तीच आवडली, पण घरचे म्हणतात विकायला काढलीस की कुत्रं विचारणार नाही. काय करू?

उत्तर : आधी मला सांगा, गाडी किती वर्षं ठेवणार? हे ठरल्याशिवाय रिसेल भारी की मेंटेनन्स कमी भारी या वादाला काही अर्थच नाही, आणि गंमत अशी की लोक रंगावर आठवडाभर खल करतात पण हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत.

आकडे धरून बघू, म्हणजे भांडण मिटेल. आकडे मी मनाने धरलेत, तुमच्या गाड्यांचे तुम्ही भरा. समजा महाग गाडीची किंमत 100 आणि दुसरी 85 ला मिळतेय. चार वर्षांनी पहिली 62 ला गेली, दुसरी 43 ला. म्हणजे पहिलीत 38 गेले, दुसरीत 42. त्यात चार वर्षांचा मेंटेनन्स टाका, पहिलीला 10 आणि दुसरीला 12 धरा, कारण कमी खपणाऱ्या गाडीचे पार्ट थोडे महाग पडतात. एकूण 48 विरुद्ध 54. घरचे जिंकले.

आता तीच गाडी दहा वर्षं ठेवा. पहिली 25 ला गेली, दुसरी 15 ला. गेलेले पैसे 75 आणि 70. मेंटेनन्स 38 आणि 41. एकूण 113 विरुद्ध 111. म्हणजे बरोबरीतच आले, उलट दुसरी जराशी पुढे, आणि शिवाय सुरुवातीला वाचलेले 15 दहा वर्षं तुमच्याकडेच राहिले, लोन काढलं असेल तर तेवढ्यावरचं व्याजही वाचलं, ते मी यात धरलेलंच नाही.

असं का होतं, तर घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत, सुरुवातीच्या वर्षांत धबाधब होतो आणि मग हळू होत जातो. ढोबळमानाने पहिल्या वर्षातच बऱ्याच गाड्यांची पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंमत उतरते. दहा वर्षं जुन्या गाडीला घेणारा माणूस ब्रँडचं नाव बघतो पण त्याहून जास्त तिची तब्येत बघतो, त्यामुळे तिथे नावाचा भाव बराच कमी होतो. मेंटेनन्सचं नेमकं उलटं, सुरुवातीला ऑइल-फिल्टरवर भागतं आणि पाच-सहा वर्षांनंतर टायर, क्लच, सस्पेन्शन, बॅटरी असं सगळं रांगेत येऊन उभं राहतं. म्हणून तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने डोळे झाकून रिसेल बघावी, आणि गाडी पार वापरून टाकणाऱ्याने मेंटेनन्स.

आपली अडचण अशी की सर्व्हिसिंगचं बिल हातात येतं, वाचावं लागतं, कार्ड काढावं लागतं, म्हणून ते टोचतं. घसाऱ्याचं बिल कोणी पाठवत नाही. ते एकदाच येतं, विकताना, आणि तोपर्यंत नवीन गाडीच्या नादात आपलं तिकडे लक्षच नसतं. पहिल्या चार-पाच वर्षांत बहुतेकांचा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो, कित्येकदा इंधनापेक्षाही मोठा.

अजून एक, "70 टक्के रिसेल आहे" असं कोणी छातीठोक सांगितलं की विचारा, कशाचे 70? बहुतेक वेळा तो छापील किमतीवरचा आकडा असतो. तुम्ही डिस्काउंट धरून प्रत्यक्षात किती मोजले त्यावर हिशेब करा, बदनाम गाड्यांची रिसेल अचानक सुधारलेली दिसेल, कारण त्या मुळातच खाली उतरवून विकल्या जातात आणि सेकंडहँड बाजाराला ते चांगलं माहीत असतं. आणि 2021-22 चे रिसेलचे तक्ते कोणी दाखवले तर बाजूला ठेवा. तेव्हा चिपच्या तुटवड्यामुळे नवीन गाड्या मिळत नव्हत्या म्हणून जुन्यांचे भाव कित्येक देशांत चढले होते, त्यात त्या गाडीची काही कर्तबगारी नव्हती.

तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर, सात वर्षांच्या पुढे ठेवणार असाल तर आवडलेली घ्या. अट एकच, कंपनी तो मॉडेल बंद करायच्या बेतात नसावी. मॉडेल बंद पडला तरी इंजिनचे पार्ट मिळत राहतात कारण तेच इंजिन बाकीच्या गाड्यांतही असतं, पण बंपर, हेडलाइट, दाराची काच, डॅशबोर्डची प्लास्टिकं ही फक्त त्याच गाडीची असतात, आणि ती मिळेनाशी झाली की किरकोळ धडकेनंतर गाडी महिनोन् महिने गॅरेजात उभी राहते.

प्रश्न : कंपनीच्या सर्व्हिस चार्टवरून दोन गाड्यांचा पाच वर्षांचा खर्च काढला, फरक नगण्य निघाला. मग मेंटेनन्स दोघींचा सारखाच असं धरून चालू का?

उत्तर : नाही. चार्टमध्ये काय आहे ते तुम्ही बघितलंत, काय नाही ते बघा. त्यात ऑइल, फिल्टर, प्लग, मजुरी असं ठरलेलं असतं. टायर, ब्रेक पॅड, ब्रेक डिस्क, क्लच, 12 व्होल्टची बॅटरी, वायपर, सस्पेन्शनचे बुश हे सगळं "झिजेल तसं" या खात्यात जातं, आणि खरा फरक पडतो तो तिथेच.

टायरपासूनच सुरू करा. टेस्ट ड्राइव्हला गेलात की खाली वाकून टायरच्या बाजूला लिहिलेला साइज टिपून घ्या, म्हणजे 195/65 आर 15 किंवा 235/45 आर 18 असं काहीतरी असतं, शेवटचा आकडा रिमचा, इंचात, आणि तो टायर बाजारात कितीला आहे, कोणकोणत्या कंपन्यांचा मिळतो ते विचारा. मोठी रिम दिसायला झकास, पण टायर महाग, बाजूची भिंत उंचीला कमी, खड्ड्यात दणका बसला की टायरला फुगा नाहीतर रिमला वाक. एकाच गाडीच्या बेस आणि टॉप व्हेरिएंटमध्येसुद्धा एवढ्या एका गोष्टीवर आयुष्यभराचा चांगलाच फरक पडतो.

मग विचारायचं, इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ ठेवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल तर कंपनीने दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलावाच लागतो, आणि काही गाड्यांत तो टप्पा चार्टच्या पाच वर्षांच्या नेमका पुढे येतो, म्हणून तुमच्या हिशेबात तो दिसतच नाही. बेल्ट चालू गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. चेनला असा ठरावीक बदल सहसा नसतो, पण ऑइल बदलायला टंगळमंगळ केली तर तीही ताणली जाते आणि तिचं काम बेल्टपेक्षा महाग.

तिसरं गिअरबॉक्स. जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला, वेळेवर ऑइल बदललं तर सहसा त्रास देत नाही. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, त्यामुळे क्लच प्लेट त्यातही झिजते, ऑटोमॅटिक आहे म्हणून क्लचचा खर्च सुटला असं नाही. ड्युअल क्लच पळवायला मजा येते, पण ड्राय, म्हणजे ऑइलमध्ये न बुडणाऱ्या क्लचवाला असेल आणि तुमचं रोजचं जाणं-येणं ट्रॅफिकमधून मुंगीच्या पावलाने असेल तर मी तरी वॉरंटी संपल्यावर ती गाडी ठेवणार नाही.

आणि डिझेल असेल तर डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला काजळीचा फिल्टर. धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि गाडी तापून सलग वेगात चालली की जळून जाते. तुमचं रोजचं रनिंग दोन-चार किलोमीटरचं असेल तर ती जळायची संधीच मिळत नाही, फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडी पॉवर सोडते. गाडीत दोष काहीच नसतो, ती चुकीच्या माणसाच्या घरी आलेली असते.

प्रश्न : टॉप व्हेरिएंट घेतला तर रिसेल जास्त येईल ना? आणि पांढराच रंग घ्यावा का?

उत्तर : जास्त येईल, पण जेवढे जास्त घातले तेवढे नाही. सनरूफ, मोठी स्क्रीन, गरम-गार होणाऱ्या सीट यांचे पैसे नव्या गाडीत पुरेपूर घेतले जातात आणि सेकंडहँडमध्ये घेणारा "हो का, छान आहे" म्हणून पुढे सरकतो. वापरायला हवं असेल तर जरूर घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका. सेफ्टीच्या बाबतीत मात्र व्हेरिएंटला कात्री लावू नका, तिथे रिसेलचा विचारच नको. नंतर बाहेरून लावलेल्या ॲक्सेसरीजचे तर शून्य धरा, उलट वायरिंग कापून लावलेली म्युझिक सिस्टीम दिसली की जाणकार गिऱ्हाईक भाव पाडतं.

रंग : पांढरा, काळा, ग्रे हे पटकन खपतात. भडक रंगाला भाव कमीच येतो असं नाही, गिऱ्हाईक यायला वेळ लागतो. आवडता रंग घ्या हो, रोज तुम्हालाच बघायचीय.

प्रश्न : वॉरंटी संपली की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला राम राम ठोकून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जायचा विचार आहे, खर्च बराच कमी होईल. पण रिसेल मार खाईल असं मित्र म्हणतात. खरं काय?

उत्तर : मित्र अर्धे बरोबर आहेत. रिसेल गॅरेजमुळे कमी होत नाही, पुरावा नसल्यामुळे कमी होते.

यामागचं कारण जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्येच मांडलंय, उदाहरण म्हणून त्यांनी सेकंडहँड गाड्याच घेतल्या होत्या, आणि या विषयावरच्या कामासाठी 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात तेही होते. मुद्दा साधा आहे. गाडी आतून कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मधलाच भाव देतो, न जाणो खराब निघाली तर. मग चांगली गाडी असलेला म्हणतो या भावात कशाला विकू, आणि बाजारात खराब गाड्यांचंच प्रमाण वाढत जातं. तुमची गाडी चांगली आहे हे समोरच्याला पटवता आलं तरच तुम्ही त्या मधल्या भावातून वर निघता, आणि पटवायचं साधन म्हणजे कागद.

तर ओळखीच्याकडे बिनधास्त जा, पण प्रत्येक कामाचं बिल घ्या, त्यावर तारीख, किलोमीटर आणि कोणतं ऑइल, कोणता पार्ट ते लिहून घ्या. "आपलाच माणूस आहे, बिल कशाला" हे पाच वर्षांनी महागात पडतं. दर दोन वर्षांच्या आसपास ब्रेक फ्लुइड बदललंय असं बिलात दिसलं तर माझ्यासारखा माणूस लगेच खूश होतो, कारण ते हवेतला ओलावा ओढतं म्हणून बदलायचं असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं, आणि ज्याने ते लक्षात ठेवलं त्याने बाकीचंही केलं असणार. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर ती पुढच्या मालकाच्या नावावर होते का ते आत्ताच विचारून ठेवा, होत असेल तर विकताना तोच हुकमाचा पत्ता.

हीच नजर सेकंडहँड घेतानाही लावा. बॉनेट उघडा आणि पुढची पत्र्याची फेंडरं ज्या बोल्टवर बसवलेली असतात ते बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या गाडीत बोल्टच्या डोक्यावर रंग सलग असतो. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला दिसला तर तिथे पाना लागलाय, म्हणजे फेंडर कधीतरी निघालंय, मग विचारा का. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत शेवटचे चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर. गाडी 2019 ची, किलोमीटर फारच कमी सांगतायत आणि टायर मात्र चारही 2022 चे, तर पहिला सेट गेला कुठे? वय होऊन तडे गेले म्हणून बदलले असतील तर ठीक, पण उत्तर पटलं नाही तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

आणि सेकंडहँडवाल्यांना गुपित सांगतो, तुमच्यासाठी रिसेलचं गणित उलटं आहे. जिला रिसेल जबरदस्त ती तुम्हाला महागच पडणार, तीन वर्षं जुनी घेऊनही नवीपेक्षा फारसे पैसे वाचत नाहीत. ज्या गाडीला बाजार नाक मुरडतो पण जिचं इंजिन-गिअरबॉक्स साधं आणि मुरलेलं आहे, पार्ट सहज मिळतात, ती शोधा, पहिल्या मालकाने घसारा आधीच भरून ठेवलेला असतो.

प्रश्न : इलेक्ट्रिक घेतली तर मेंटेनन्स जवळपास नाहीच म्हणतात, पण रिसेलही नाहीच म्हणतात. दोन्ही खरं आहे का?

उत्तर : दोन्ही अर्धवट खरं. इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत, टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडी आवरते त्यामुळे ब्रेक पॅड खूप टिकतात. पण टायर, सस्पेन्शन, ब्रेक फ्लुइड, केबिन फिल्टर, कूलंट आणि छोटी 12 व्होल्टची बॅटरी हे आहेच, आणि बॅटरीच्या वजनामुळे आणि जागेवरून जोरात उचलण्यामुळे टायर तर बऱ्याचदा लवकर झिजतात. ठोकल्यावरची दुरुस्तीही महाग पडू शकते, त्यामुळे इन्शुरन्सचा कोटेशन आधी घ्या, गाडी बुक केल्यावर नाही.

रिसेल पडायचं कारण बॅटरीची भीती हे एक आणि नव्या गाड्यांचे पडणारे भाव हे दुसरं. 2023 च्या जानेवारीत टेस्लाने अमेरिका-युरोपात नव्या गाड्यांच्या किमती एकदम उतरवल्या, झालं, कालपर्यंत ज्यांनी घेतल्या होत्या त्यांच्या गाड्यांचे भाव घरबसल्या खाली आले. हर्ट्झ ही भाड्याने गाड्या देणारी कंपनी, तिने 2024 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सुमारे 20,000 इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्याचं जाहीर केलं, घसारा आणि धडकेनंतरच्या दुरुस्तीचा खर्च अंगावर आला म्हणून. म्हणजे ज्यांचा धंदाच गाड्यांच्या हिशेबावर चालतो त्यांचाही अंदाज हुकला.

बॅटरीवर बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि तोवर क्षमता साधारण 70 टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्त करून किंवा बदलून देतात. तुमच्या गाडीच्या कागदात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. रोजचं रनिंग भरपूर, चार्जिंगची सोय घरीच आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवणार, असं असेल तर इलेक्ट्रिक घ्या, इंधनात वाचलेलं घसाऱ्याला झाकून टाकू शकतं. महिन्यातून चारदा बाहेर काढणार आणि तीन वर्षांनी बदलणार, तर नका घेऊ, नाहीतर तीन वर्षं जुनी घ्या, म्हणजे तो मार दुसऱ्या कोणीतरी खाल्लेला असेल. घेताना बॅटरीची हेल्थ किती टक्के आहे त्याचा रिपोर्ट मात्र मागून घ्या.

प्रश्न : गाडी आठ वर्षांची, इंजिन ठणठणीत. पण आता सस्पेन्शनचं काम, चार टायर आणि क्लच असं सगळं एकदमच आलंय. मेकॅनिकने सांगितलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. बायको म्हणते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, विकून टाका. मुलगा तर नवीन घ्यायला टपलेलाच आहे.

उत्तर : वहिनींची म्हण चांगली आहे पण इथे लागू पडत नाही. दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी ताडून बघायचाच नाही, गाडी विकली तर त्याऐवजी जे घ्याल त्याच्याशी ताडायचा.

परत 100 ची नवी गाडी धरू. तुमची जुनी आज 24 ची, दुरुस्ती 8. दोन वर्षं अजून वापरली आणि मग 17 ला विकली, तर घसारा 7 आणि दुरुस्ती 8 मिळून 15, वरून किरकोळ सर्व्हिसिंग. नवी घेतली तर दोन वर्षांत नुसता घसाराच 28-30 च्या घरात जाईल, इन्शुरन्स वाढेल तो वेगळा, लोन असेल तर व्याज वेगळं. शिवाय टायर आणि क्लच ही कामं दोन वर्षांत संपून जात नाहीत, पुढेही चालतात.

विकायची कधी, तर खालचा पत्रा गंजून सांगाडा पोखरला असेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची वेळ आली असेल, इंजिन ऑइल खाऊन निळा धूर ओकत असेल, पार्टसाठी दर वेळी वाट बघावी लागत असेल, किंवा गाडी रस्त्यात बंद पडणं तुम्हाला परवडणारच नसेल. नव्यातल्या जास्त एअरबॅग आणि चांगल्या ब्रेकसाठी बदलायची असेल तर तेही कारण मला मान्य आहे, फक्त त्याला बचत म्हणू नका. आणि विकायचंच ठरलं तर क्लच, सस्पेन्शन करत बसू नका, घेणारा त्याचे पूर्ण पैसे देत नाही. बल्ब, वायपर, आतली स्वच्छता, एसीचा वास एवढं करा आणि कामाचा आकडा त्याला सरळ सांगून भाव ठरवा.

ठेवणार असाल तर मेकॅनिकला सांगा, क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवतोयसच तर रिलीज बेअरिंगही नवीन टाक, आणि इंजिनचं मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही तेव्हाच बदल. पार्ट किरकोळ आहेत, नंतर सुचलं तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी परत पहिल्यापासून.